पुण्यात पहिल्यांदा भेटताना कुठल्या हॉटेलात जावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नाशिकचे, नोकरीसाठी हिंजवडीत राहता. जिला भेटायचंय ती मुलगी सदाशिव पेठेत वाढलेली. दोन आठवडे फोनवर बोलणं चाललंय आणि आता पहिल्यांदा भेटायचंय, तेही जुन्या पुण्यातच. मी स्वतः नारायण पेठेत वाढले, त्यामुळे हे उत्तर बरंचसं तिच्या जागी बसून लिहितेय.

आधी एक सांगते, थाळीचं हॉटेल नको. जुनं पुणं म्हटलं की बाहेरून आलेल्या माणसाला अळूची भाजी, मसालेभात, मठ्ठा हेच पहिल्यांदा सुचतं, आणि जेवण म्हणून ते उत्तमच असतं. पण मला पहिल्यांदा भेटायला आलेल्या मुलाने मोठ्या हौसेने एका नावाजलेल्या थाळीच्या हॉटेलात नेलं होतं. तो त्याच्या आजोबांबद्दल सांगायला लागला की आमटी आली. मी काही विचारलं की कोशिंबीर आली. मग पुरी, मग पुन्हा भाजी, मग "आमरस वाढू?" वाढप्यांचं काही चुकत नव्हतं, आग्रह हेच तर त्यांचं काम. पण पाऊण तासात आमचं एकही वाक्य पुरतं झालं नाही, आणि ताट संपलं तेव्हा बाहेर नंबर लावलेली माणसं आमच्या टेबलाकडे बघत होती. त्यानंतर आम्ही ओंकारेश्वराच्या आवारात जाऊन बसलो. तो तबला शिकतोय, आजोबांनी त्याला सांभाळलंय, हे सगळं मला तिथे कळलं.

तेव्हापासून मला विचाराल तर पहिल्या भेटीसाठी हॉटेल निवडताना पदार्थ दुसऱ्या नंबरवर. तिथे किती वेळ बसू देतात आणि समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येतं का, हे आधी बघायचं. एक चहा मागवून तासभर बसलात तरी कुणी बिल आणून ठेवणार नाही, अशी जागा हवी. त्याच हिशेबाने मिसळही नको. बेडेकरांची मिसळ मला प्रिय आहे, पण मिसळ ही सकाळची, गर्दीतली, भराभर खाऊन उठायची गोष्ट. नाकाडोळ्यांतून पाणी येत असताना नवीन माणसाशी बोलणं होत नाही.

जागेइतकीच वेळही महत्त्वाची. फर्ग्युसन रस्त्यावरचं वैशाली हॉटेल चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही. रविवारी सकाळी गेलात तर नंबर लावून उभं राहाल, आणि कामाच्या दिवशी दुपारी तीन-चारला त्याच वैशालीत निवांत बसायला मिळू शकतं. डेक्कनच्या गुडलकचंही तसंच. १९३५ सालचं इराणी हॉटेल, ज्याच्या नावावरून अख्खा चौक ओळखला जातो. बन मस्का आणि चहा दोन घासांतही संपतो आणि हवा तितका लांबवताही येतो. पहिल्या भेटीला याहून सोयीचं खाणं मला माहीत नाही. भेट रंगली तर खिमा मागवा, आणि नाही रंगली तर चहा संपला म्हणून दोघांनाही सहज उठता येतं. हे उठता येणं तिच्यासाठी फार मोलाचं असतं, विशेषतः अजून प्रत्यक्ष न पाहिलेल्या माणसाला भेटताना. म्हणूनच रात्रीच्या जेवणाऐवजी दुपारचा चहा सुचवतेय.

ती पेठेत वाढलीय, हे विसरू नका. सदाशिव पेठेत शाळेतल्या बाई, आईच्या भिशीतल्या काकू, वाड्यातले जुने शेजारी, कुणीही समोर येऊ शकतं. काहींना त्याचं काही वाटत नाही, काहींना फार अवघडल्यासारखं होतं. तुम्ही अंदाज बांधू नका, सरळ विचारा. तिला पेठेबाहेर बरं वाटणार असेल तर कॅम्पात जा. इंग्रजांनी वसवलेला हा भागही जुनाच, फक्त त्याचा इतिहास वेगळा. महात्मा गांधी रस्त्यावरच्या मार्झोरिनमध्ये वरच्या मजल्यावर बसून सँडविच खात खालची वर्दळ बघता येते, आणि बोलण्यात खंड पडला तरी बघायला काहीतरी असतं. नीट जेवायचंच असेल तर दोराबजी आहे, १८७८ पासूनचं पारशी जेवण. मात्र धानसाक पोटाला जड, त्यानंतर चालायचा उत्साह राहत नाही.

तिच्या खाण्याचं आधी विचारून घ्या. शाकाहारी आहे का, एवढ्यावर थांबू नका. संकष्टी, एकादशी, गुरुवार, श्रावण यांतलं काही ती पाळते का, हेही विचारा. संकष्टीच्या दिवशी गुडलकमध्ये बसून ती नुसता चहा पीत राहिली तर तुम्हालाच वाईट वाटेल. उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी मिळते अशा ठिकाणी भेटा.

गाडी पेठेत आणू नका. तिथल्या बऱ्याच रस्त्यांवर सम आणि विषम तारखांना वेगवेगळ्या बाजूला पार्किंग असतं. रोज जाणाऱ्यांचाही गोंधळ होतो, आणि गाडी उचलून नेली की पुढची संध्याकाळ दंड भरण्यात जाते. रिक्षाने या किंवा मेट्रो पकडा. पेठांसाठी मंडई आणि कसबा पेठ, गुडलकसाठी डेक्कन जिमखाना. हिंजवडीहून निघताना हाताशी भरपूर वेळ ठेवा, तिला हॉटेलच्या दारात वाट बघायला लावू नका. आणि गणपतीच्या दहा दिवसांत पेठेत भेट ठरवत असाल तर पुढे ढकला. तो उत्सव एकत्र बघायला सुंदर आहे, पण ओळख व्हायच्या आधी नाही.

मी तुमच्या जागी असते तर शनिवारी दुपारी चारला गुडलकमध्ये भेटले असते. तिथून जंगली महाराज रस्त्याने पंधरा-वीस मिनिटं चालत अंधार पडायच्या आत पाताळेश्वर. आठव्या शतकातलं, एकाच दगडात कोरलेलं लेणं, पुढे नंदीचा गोल मंडप आणि भर रस्त्यालगत असूनही आत शांतता. शनिवारवाडा पहिल्या भेटीला नको, तिने तो शाळेच्या सहलीपासून पाहिलाय, आणि तिचंच शहर तिला दाखवायला जाऊ नका. उलट तिला विचारा की लहानपणी ती कुठे जायची. ती आपणहून मस्तानी प्यायला चला म्हणाली तर निंबाळकर तालमीजवळ सुजाता आहे. वरचा आईस्क्रीमचा गोळा आधी खायचा की दुधात ढवळायचा, ते तीच सांगेल.

बिल तुम्ही द्यायला हरकत नाही. ती टीटीएमएम, म्हणजे "तू तुझं, मी माझं" म्हणाली तर लगेच हो म्हणा, ओढाताण करू नका.

तिला मेसेज साधा करा: "शनिवारी चारला चहा घेऊया का? गुडलक किंवा मार्झोरिन, तुला जे बरं वाटेल ते. दुसरी जागा आवडत असेल तर तीही चालेल. उपास वगैरे असेल तर सांग."