नाल्यावर दोराचा पूल बांधायचा आहे. दोर किती जाड घ्यावा आणि तो कशाला बांधावा?

तुमचा नाला 30 मीटर रुंद, पलीकडे वावरं, आणि पावसाळ्यात बायामाणसं कमरेएवढ्या पाण्यातून जातात, असं तुम्ही लिहिलंय. पूल व्हायलाच हवा. पण दोराच्या जाडीआधी काठाचं बघा.

मी यवतमाळकडचा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यात पुरलेला खांब ताण धरत नाही. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणा, तिथे काँक्रीटचा जड ठोकळा भरा आणि दोर त्यात अडकवा. ठोकळा काठापासून बराच मागे हवा, कारण पूर काठ खातो. काठावरच्या बाभळीला दोर बांधायचा मोह होईल, पण बांधू नका. झाड वाऱ्यानं हलतं, दोर सालीत रुततो आणि पुरात मुळं उघडी पडतात.

दुसरं म्हणजे पूल ताठ ओढू नका. फळ्या, दोर, माणसं मिळून मीटरला 100 किलो धरा, म्हणजे एकूण 3,000 किलो. मध्ये दीड मीटर झोळ ठेवला, म्हणजे दोर टोकांपेक्षा मधे तेवढा खाली लोंबू दिला, तर आडवा ताण 7,500 किलो येतो. झोळ 3 मीटर केला तर 3,750. आणि देखणा दिसावा म्हणून पाऊण मीटरवर आणला तर 15,000! हिशेब सोपा आहे: एकूण वजन गुणिले लांबी, भागिले झोळाची आठपट. हा सगळा ताण शेवटी त्या ठोकळ्यांवर जातो. मात्र झोळाचा तळ सर्वांत मोठ्या पुराच्या पाण्याच्या बराच वर राहिला पाहिजे, कारण पुरात अख्खी झाडं वाहत येतात. म्हणून दोन्ही काठांवर उंच खांब लागतील. पूर कुठवर आला होता ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

आता दोर. अंबाडीचा किंवा काथ्याचा दोर भिजून कुजतो. नायलॉन ताणाखाली लांबतो, उन्हानं कमजोर होतो. जस्त चढवलेला पोलादी तारदोरच घ्या, आणि त्याची तुटण्याची ताकद येणाऱ्या ताणाच्या पाचपट तरी हवी. वणी-चंद्रपूरकडच्या खाणीतला जुना दोर भंगारात मिळाला तरी माणसांच्या पुलाला नको, आतल्या तारा किती गंजल्यात ते वरून दिसत नाही. टोकाला दोर वळवून दुहेरी करतात आणि ते दोन पदर यू-क्लॅम्पनं, म्हणजे यू आकाराच्या बोल्टच्या पकडीनं, आवळतात. तो लावताना त्याचा वाकडा यू दोराच्या वळवलेल्या मोकळ्या शेपटीवर बसवा, ताण असलेल्या बाजूवर नाही. उलटा बसला तर ताणाचा दोरच चेंगरतो. तीनपेक्षा कमी क्लॅम्प नकोत, जाड दोराला जास्त लागतात, आणि पूल भारावर आल्यावर ते परत आवळायचे असतात. पूल डोलू नये म्हणून दोन्ही बाजूंना खाली तिरपे दोर ताणून बांधा.

बांधून विसरायची ही वस्तू नाही. 30 ऑक्टोबर 2022 ला गुजरातेत मोरबीचा झुलता पूल पडला, 135 माणसं गेली. मुख्य दोराच्या 49 तारांपैकी 22 आधीच गंजलेल्या होत्या, असं चौकशीत निघालं. दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर दोर, क्लॅम्प, फळ्या हातानं तपासायचं काम एका माणसाकडे ठरवून द्या.

आराखडा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातल्या इंजिनिअरला दाखवा, ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. काम होळीनंतर काढा, नाला कोरडा असतो. माणूस चढायच्या आधी फळ्यांवर रेतीची पोती रचून रात्रभर ठेवा. ठोकळ्यांशेजारी आधीच खुणा करून ठेवा. सकाळी ठोकळा बोटभरही सरकलेला दिसला तर पोती उतरवा आणि तो पाया परत खणा.