मार खाणं हा कामाचा भाग नाही

ताई, मी बालसंरक्षणाचं काम करते. गेल्या महिन्यात गृहभेटीला गेले असताना मुलाच्या वडिलांनी आतून कडी घातली आणि माझा हात पिरगाळला. आरडाओरडा ऐकून शेजारी आले म्हणून सुटले. साहेब म्हणाले, ‘आपल्या कामात हे चालायचंच.’ तक्रार केली तर त्या मुलाचं काय होईल या भीतीने मी गप्प आहे. घरचे म्हणतात, नोकरी सोड. काय करू?

प्रिय मैत्रिणी,

आधी हाताचं बोलू. डॉक्टरांना दाखवलात का? पत्रात तसा उल्लेख नाही. दाखवला नसेल तर आजच जा, आणि दुखापत कशी झाली हे केसपेपरवर लिहून घ्या. झोप लागत नसेल, दार वाजलं की छातीत धडधडत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आता त्या मुलाचं. तुमची माया कळते, पण तुमच्या गप्प बसण्याने त्याचा धोका कमी होत नाही. कामावर आलेल्या बाईला कोंडून तिचा हात पिरगाळणारा माणूस त्याच घरात त्या मुलासोबत राहतो. ही गोष्ट फायलीत नसेल तर मुलाच्या सुरक्षिततेचा निर्णय अर्धवट माहितीवर होईल. शिवाय उद्या तुमच्या जागी एखादी नवी मुलगी जाईल, तिला कोणी काही सांगितलेलं नसेल. कार्यालयात घटनेची लेखी नोंद करणं आणि पोलिसांत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद कराच. पोलिसांत जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, आणि त्यासाठी किंवा त्याविरुद्ध कोणी दबाव आणला तर ऐकून घेऊ नका.

साहेबांच्या वाक्याचा मला मनापासून राग आला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली कामाच्या ठिकाणच्या हिंसेविरुद्ध करार क्रमांक १९० केला. सोबतच्या शिफारशीत जास्त धोक्याच्या क्षेत्रांमध्ये समाजसेवेचं नाव आहे आणि एकट्याने करायच्या कामाचाही उल्लेख आहे. जिवाला गंभीर आणि तातडीचा धोका वाटला तर तिथून निघून येण्याचा हक्क करारात आहे. त्याबद्दल शिक्षा होऊ नये, फक्त वरिष्ठांना कळवायचं. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, पण ‘चालायचंच’ म्हणणाऱ्याला दाखवायला तो पुरेसा आहे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने तर आरोग्य आणि समाजसेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी हिंसा टाळण्याची मार्गदर्शक तत्त्वं १९९६ मध्येच काढली होती.

म्हणून साहेबांना तोंडी नको, लेखी अर्ज द्या. या घरी यापुढे दोघांनी जायचं किंवा भेट कार्यालयात घ्यायची. निघण्याआधी कुठे जातोय आणि किती वाजता बाहेर पडू हे एका माणसाला माहीत हवं. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत फोन आला नाही तर त्याने काय करायचं, हेही आधीच ठरलेलं हवं. नुसतं ‘कळव हं’ म्हणून भागत नाही. फोनवर बोलायचं एखादं साधंसं वाक्य ठरवून ठेवा, ‘निळी फाईल टेबलावर राहिली का?’ असं काहीतरी. ते ऐकलं की समोरच्याने मदत पाठवायची.

घरात शिरल्यावर दाराजवळची खुर्ची घ्या, तुमच्या आणि दाराच्या मध्ये कोणी बसणार नाही अशी. फोन पर्समध्ये नको, अंगावर ठेवा. स्वयंपाकघरात बसून बोलणं टाळा, तिथे सुरी हाताशी असते. आवाज चढला, माणूस येरझाऱ्या घालू लागला, तर विषय पुरा करायचा हट्ट सोडा आणि ‘पुन्हा येते’ म्हणून निघा. पण एवढी काळजी घेऊनही कोणी हात उगारला, तर दोष त्याचाच. त्या दिवशी तुमचं काय चुकलं हे शोधत बसू नका.

नोकरी सोडायची की नाही, हे आत्ता ठरवू नका. घरच्यांची काळजी खरी आहे. अर्जाची एक प्रत त्यांनाही वाचायला द्या. कार्यालय काय करतं ते बघून मग ठरवा, आणि तेव्हा सोडावीशी वाटली तर अपराधी वाटून घेऊ नका. तोवर त्या घरी एकटीने जाऊ नका. साहेब जोडीला माणूस देत नसतील, तर तो नकार त्यांच्या सहीनिशी मागा.

तुमची,
ताई