कोकणातल्या शाळेत सहावीला प्राचीन इतिहास शिकवताना एआयचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण सुरुवात सड्यावर (उघड्या खडकाळ पठारावर) करा, स्क्रीनवर नको. रत्नागिरी, राजापूर भागात कातळशिल्पं, म्हणजे सड्याच्या खडकात कोरलेली प्राचीन चित्रं, गावाच्या उशाशी आहेत. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली, तरी जवळच्या कितीतरी पोरांनी ती पाहिलेली नसतात.

कशेळी गावच्या सड्यावर कोरलेला हत्ती घ्या. तो इतका मोठा आहे, की शेजारी उभं राहिलं तर एका नजरेत मावत नाही. त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. मुलांना सकाळी लवकर न्या, कारण ऊन तिरपं असलं की उथळ खाचेतही सावली भरते आणि रेघ उठून दिसते. मग मोबाईलने चहूबाजूंनी फोटो काढायला सांगा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा अर्ध्याहून जास्त भाग यायला हवा. फोटोग्रामेट्रीचं अ‍ॅप त्यातून त्रिमितीय मॉडेल बनवतं. वर्गात ते फिरवून बघताना सोंड कुठे, पाय कुठे यावर जी भांडणं होतात, तोच माझ्या मते खरा तास. (रेघा दिसाव्यात म्हणून खडू, चुना मात्र मुळीच भरू देऊ नका.)

एआयला मी शेवटी आणते. "हे कधी कोरलं?" विचारलं तर त्याने छातीठोक एक आकडा दिला. प्रत्यक्षात काळाबद्दल अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मग मुलांनी उलट विचारलं, "कशावरून?" शिल्पांत गेंडा आहे, आज कोकणात गेंडा नाही, यावरून काय कळतं, हे त्यांनी स्वतः मांडलं.