१२ बाय १४ च्या खोलीला किती टनाचा एसी घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खोली १२ बाय १४ फूट, उंची १० फूट, वर थेट गच्ची. पश्चिमेच्या भिंतीत ४ बाय ५ फुटांची खिडकी. दोन माणसं, एक कॉम्प्युटर. दुकानदार म्हणतो २ टन घ्या. खालच्या मजल्यावरचे शेजारी म्हणतात, आमची खोली अगदी तेवढीच आहे, खिडकीसमोर झाड आहे, १ टन मजेत पुरतो.

तुम्हाला १.५ टन लागेल. पण शेजारीही खोटं बोलत नाहीत, आणि गंमत तिथेच आहे.

आधी टनाचं बघू. हा टन मशीनच्या वजनाचा नाही. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढण्याची क्षमता म्हणजे १ टन. आकड्यात ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं ब्रिटिश एकक) किंवा ३,५१७ वॅट. पुढचा सगळा हिशेब वॅटमध्येच करतो, कारण दिवा, कॉम्प्युटर आणि एसीचं लेबल तिन्हींवर वॅटच लिहिलेले असतात.

'१०० ते १२० चौरस फुटांना १ टन' हा ठोकताळा तुम्ही ऐकला असेल. तुमच्या १६८ चौरस फुटांना तो दीड टनाच्या आसपास सांगतो, म्हणजे उत्तर बरोबर येतं. पण ते योगायोगाने येतं, कारण त्याच ठोकताळ्याने शेजाऱ्यांनाही दीड टन सांगितला असता. एसीला खोलीचं क्षेत्रफळ दिसत नाही, आत येणारी उष्णता दिसते. म्हणून ती मोजायची.

बाहेर ४० अंश आणि आत २५ अंश धरा. तुमच्या डोक्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी ती उष्णता खाली सोडतो. साध्या, वर काही थर नसलेल्या काँक्रीटच्या स्लॅबमधून १६८ चौरस फुटांत साधारण १,१५० वॅट येतात. रात्री नऊ वाजता बाहेर वारा सुटलेला असताना छताला हात लावून बघा, कोमट लागेल. खिडकीचं काचक्षेत्र २० चौरस फूट. दुपारी चारचं ऊन थेट काचेवर आलं की आतला पडदा ओढूनही सुमारे ८०० वॅट आत येतात. बाहेरच्या दोन भिंतींतून ६७० वॅट. आतल्या भिंती आणि जमीन यांतून ४००, कारण शेजारची खोली गार केलेली नसेल आणि खालच्यांचा एसी त्या वेळी बंद असेल असं धरलंय. दाराच्या फटी आणि येणंजाणं यांतून शिरणारी गरम, दमट हवा ४००. निवांत बसलेला माणूस सुमारे ११५ वॅट उष्णता सोडतो, म्हणजे दोघांचे २३०. कॉम्प्युटर, पंखा, दिवे मिळून आणखी २३०.

बेरीज ३,८८० वॅट, म्हणजे १.१ टन. मग १.५ कशाला? एसीवर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितकं आऊटडोअर युनिटला उष्णता टाकणं जड जातं आणि क्षमता घटते. शिवाय दिवसभर बंद असलेली, भिंतींसकट तापलेली खोली गार करायला थोडी जादा ताकद हवी. दोन्हींसाठी मिळून २० टक्के धरले की ४,६५० वॅट होतात. १ टनाच्या ३,५०० मध्ये ते बसत नाही.

आता शेजाऱ्यांचा हिशेब. त्यांच्या डोक्यावर तुमचं घर आहे, म्हणून छताचे ११५० जाऊन तिथे २०० येतात. झाडामुळे खिडकीचे ८०० वरून ३५०. बाकी सगळं सारखं धरलं तर बेरीज २,४८०, वर २० टक्के घातले तरी तीन हजारांच्या आत. त्यांना १ टन पुरणारच. आणि तुम्ही तोच घेतलात तर उन्हाळ्यात दुपारी तीन ते रात्री दहा तो थांबणार नाही, आणि २५ लावूनही खोली २८-२९ च्या खाली उतरणार नाही.

मग २ टन घेतला तर 'सुरक्षित' नाही का? नाही, आणि हेच लोकांना पटत नाही. एसीचं काम दोन प्रकारचं: हवा गार करणं आणि हवेतलं पाणी काढणं. एक लिटर पाणी तासाभरात हवेतून काढायला सुमारे ६८० वॅट खर्ची पडतात, इतकं ते मोठं काम आहे. कॉम्प्रेसर सुरू झाला की आतली कॉइल, म्हणजे थंड नळ्यांची जाळी, गार व्हायला काही मिनिटं जातात, मग तिच्यावर दव धरतं, थेंब मोठे होऊन ट्रेमध्ये ओघळतात आणि नळीतून बाहेर पडतात. गरजेपेक्षा मोठा एसी पाच-सात मिनिटांत खोली २५ वर आणतो आणि कॉम्प्रेसर बंद होतो. थेंब अजून कॉइलवरच असतात. आतला पंखा फिरत राहतो आणि तेच पाणी वाळवून पुन्हा खोलीत सोडतो. परिणाम: थर्मामीटर २५ दाखवतो, अंग चिकचिकतं, चादर ओलसर लागते. मग माणूस २२ लावतो, आणि बिल वाढतं. सतत चालू-बंद होण्याने कॉम्प्रेसरचं आयुष्यही कमी होतं.

इन्व्हर्टर एसी गरज कमी झाली की कॉम्प्रेसरचा वेग कमी करून हे बरंच सांभाळतो, पण अमर्याद नाही. प्रत्येक मॉडेलला एक किमान क्षमता असते आणि त्याखाली गेलं की तोही चालू-बंदच करतो. पहाटे तुमच्या खोलीचा भार हजार-बाराशे वॅटवर येईल. म्हणून माहितीपत्रकातला 'किमान क्षमता' हा आकडा बघा, तो जितका कमी तितकं बरं. हा आकडा विक्रेते स्वतःहून सांगत नाहीत.

लेबलवरची पूर्ण क्षमताही वाचाच. १.५ टन म्हणजे ५,२७५ वॅट व्हायला हवेत, पण त्या नावाने विकले जाणारे बरेच एसी ५,००० किंवा त्याहून कमी वॅटचे असतात. तुम्हाला ४,६५० हवेत, तेव्हा ४,८०० च्या खालचा घेऊ नका.

आधी गच्चीला पांढरा परावर्तक थर दिला आणि खिडकीला आतून नव्हे, बाहेरून आडोसा केला, तर बेरीज ३,१०० पर्यंत उतरते. वरचे २० टक्के धरून ३,७००. म्हणजे तरीही १ टन काठावरच, घ्यायचा १.५ च, पण तो दिवसभर धापा टाकत चालणार नाही. आतला पडदा आणि बाहेरचा आडोसा यांत फरक एवढाच की आतला पडदा ऊन घरात शिरल्यावर अडवतो. तोवर उष्णता आत आलेली असते.

दोन गोष्टींनी अचूक हिशेबही वाया जातो. आऊटडोअर युनिट अरुंद डक्टमध्ये किंवा समोर भिंत असलेल्या सज्जात बसवलं की त्याने फेकलेली गरम हवा फिरून त्याच्याच मागून आत जाते. बाहेर ४० असताना युनिटपुरते ४८ होतात, आणि १.५ टनाचा एसी सव्वा टनासारखा वागतो. पंख्यासमोरची जागा मोकळी ठेवा, बाकी बाजूंचं अंतर मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं ते पाळा. दुसरं म्हणजे खोलीचं दार. खोली दार नसलेल्या पॅसेजला किंवा स्वयंपाकघराला जोडलेली असेल तर १६८ चौरस फूट हा आकडाच चुकीचा. तेवढी जागाही मोजून मला कळवा, वरची बेरीज नव्याने करावी लागेल.