पावसाळ्यात पुण्याहून मुंबईला रेल्वेने जाताना घाटात दरडीची भीती बाळगावी का?

तुम्ही विचारलंय, जुलैत आईवडिलांना उपचारासाठी पुण्याहून मुंबईला न्यायचंय, घाटात दरड आली तर काय, आणि रेल्वे गाड्या रद्द करण्यापलीकडे काही करते का?

करते, आणि पुष्कळ करते. माझे वडील कर्जत-लोणावळा घाटात हिल गँगला, म्हणजे कड्यावरचे सुटे धोंडे शोधून काढणाऱ्या रेल्वेच्या तुकडीत होते.

मुख्य काम पावसाच्या आधी होतं. गँगची माणसं कंबरेला दोर बांधून कड्यावर उतरतात आणि पहारीने एकेक धोंडा ठोकून बघतात. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर मागे फट आहे. असा धोंडा गाड्या थांबवून मुद्दाम खाली पाडायचा. वडिलांच्या तळहातांना पहारीचे घट्टे निवृत्तीनंतरही होते.

सह्याद्रीचा कातळ थरांचा. दोन थरांमध्ये काही ठिकाणी तांबड्या मातकट खडकाचा पट्टा असतो. पाणी मुरून तो भिजला की वरच्या कातळाचा आधार सुटतो. झाडांची मुळंही फटी रुंदावतात. म्हणून वडील म्हणायचे, धोंड्याआधी पाणी बघा. माथ्यावर चर खणून पाणी बाजूला वळवलं नसेल, तर खालच्या पोलादी जाळीवर सगळा भार येतो. जाळी सुटे दगड धरते. अख्खी दरड धरणं तिच्या आवाक्यातलं नाही.

पावसाळ्यात गस्त असते. रुळावर दगड दिसला की गस्तवाला लाल बत्ती दाखवत येणाऱ्या गाडीच्या दिशेने पळतो, दगडापासून 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर तीन इशाऱ्याचे फटाके रुळाला लावतो. चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर ब्रेक लावतो. 37 मीटरला 1 मीटर उतार असलेल्या या घाटात गाडी जागच्या जागी थांबत नाही. रात्री, धो धो पावसात, एकट्या माणसाने एवढं पळायचं, हे मला आजही थोर वाटतं.

कोकण रेल्वेवर 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ गाडी दरडीवर आदळली, 50 हून जास्त माणसं गेली. तिथे पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात. तुमच्या वाटेवरच्या कर्जत-लोणावळा घाटातही मंकी हिल या ठिकाणापाशी गाडी रखडली तर घाबरू नका, बहुतेक वेळा पुढचा रस्ता तपासत असतात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी निघू नका. पाऊस उघडल्यावरही काही तास धोका राहतो, फटीतलं पाणी लगेच ओसरत नाही. आणि डॉक्टरांची वेळ सकाळची असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत पोचा.