नागपुरात १९९९ ची ‘लिमिटेड एडिशन’ होंडा सिटी ५५ हजारांत मिळतेय. घेऊन पुन्हा रस्त्यावर आणावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९९ ची होंडा सिटी १.५, एमएच ३१ पासिंग, दोन वर्षांपासून अंगणात उभी. मालक ५५ हजार मागतोय आणि ‘लिमिटेड एडिशन आहे’ म्हणून भाव सोडत नाही. मागे स्पॉयलर आहे, दारांवर पट्टे आहेत. वरखर्चाला तुमच्याकडे लाखभर रुपये आहेत आणि गाडी नागपुरातच वापरायची आहे. आधी रंग, मग अलॉय व्हील, मग इंजिनाचं काम, असा तुमचा बेत आहे.

गाडी जरूर घ्या, पण हा बेत उलटा करा. मी याच पिढीची सिटी नागपुरात चालवतो. उभ्या राहिलेल्या दोन-तीन गाड्या मित्रांसोबत रस्त्यावर आणल्या आहेत, त्यामुळे पैसा कुठे लागतो आणि कुठे वाया जातो हे जवळून पाहिलं आहे. नागपूरच्या गाडीचा पत्रा सहसा चांगला निघतो. ऊन खातं ते रबर, प्लास्टिक आणि वायरिंग. तुमचा लाख रुपया आधी तिथे जायला हवा.

सगळ्यात आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र मागा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी रिपासिंग करावं लागतं. १९९९ ची गाडी म्हणजे २०१४, २०१९ आणि २०२४ अशी तीन वेळा ती आरटीओत जाऊन आलेली असली पाहिजे. २०२४ चं झालं असेल तर २०२९ पर्यंत तुम्ही मोकळे. झालं नसेल तर हिशोब बदलतो. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार २० वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १० हजार रुपये झालं आहे. त्यावर उशिराचा महिन्याला ५०० रुपये दंड, शिवाय पर्यावरण कर. हे सगळं मालकाच्या किमतीतून वजा व्हायला हवं. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा तसाच राहिला असेल तर तो आधी उतरवून घ्यायला सांगा. पंचवीस वर्षांपूर्वी कर्ज फिटलेलं असतं, पण बँकेची एनओसी आरटीओत कोणी दिलेलीच नसते, आणि आता ती शाखाही सापडत नाही. मालकी तुमच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायची नाही हा नियम दिल्ली परिसराचा आहे. आपल्याकडे गाडी पासिंगला उतरली की ती रस्त्यावर चालते.

आता लिमिटेड एडिशनबद्दल. आपल्या बाजारात त्या काळात आणि नंतरही हा शब्द बहुतेक वेळा सजावटीसाठीच वापरला गेला. मारुतीने २००३ मध्ये तीन दारांची झेन कार्बन आणि झेन स्टील काढली. गाडी खरोखर वेगळी दिसायची, पण बोनेटखाली नेहमीच्या झेनचंच इंजिन होतं. तुमच्या सिटीतही पट्टे आणि स्पॉयलर सोडले तर यंत्र नेहमीच्या १.५ चंच असणार, आणि ही तुमच्यासाठी चांगलीच गोष्ट आहे. बेल्ट, पंप, बुश, ब्रेक पॅड हे सगळं साध्या सिटीचं चालतं. अडचण होते ती सजावटीची. त्या आवृत्तीचा बॅज, सीटचं कापड, व्हील कॅप, स्पॉयलरमधला ब्रेक लाइट या वस्तू तुटल्या तर परत मिळणं फार कठीण. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनापेक्षा जास्त वेळ या गोष्टींना द्या. डिक्की उघडून, सीटखाली हात घालून, मालकाच्या माळ्यावरही काही ठेवलंय का ते विचारा. थकलेलं इंजिन आणि पूर्ण सजावट अशी गाडी घ्यावी. गुळगुळीत इंजिन आणि अर्धी सजावट असेल तर तिला साध्या सिटीचाच भाव द्यावा. पट्ट्यांची काळजी नको. त्यांचे फोटो काढून, मोजमाप घेऊन ठेवा, चांगला रेडियमवाला हुबेहूब कापून देतो.

ही गाडी मुळात चांगली का, हेही सांगतो, कारण खर्च करताना मन डळमळतं. सिटी जानेवारी १९९८ मध्ये आली. त्या वेळी बऱ्याच जणांच्या दारात मारुतीची एस्टीम किंवा देवूची सिएलो असायची. त्यांच्या शेजारी १.५ ची १०० च्या आसपासची अश्वशक्ती आणि वरच्या आरपीएमला मोकळं होत जाणारं इंजिन ही वेगळीच चीज होती. २००० मध्ये याच सिटीची १०६ अश्वशक्तीची व्हीटेक आवृत्ती आली तेव्हा सगळं कौतुक तिच्याकडे गेलं. साधी १.५ मात्र आजही बुटीबोरीच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जशी खेचते, तशी २००३ नंतर आलेली ७७ अश्वशक्तीची सिटी कधीच खेचत नव्हती. गाडी हलकी, स्टिअरिंग बोलकं, बसायची जागा खाली. ही गाडी वाचवण्यासारखी आहे, असं मला मनापासून वाटतं.

दोन वर्षं उभी गाडी घेतल्या घेतल्या सेल्फ मारू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. मग क्रँक पुलीवर पाना लावून इंजिन हाताने फिरवा. त्या काळातली होंडाची ही इंजिनं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, आणि इतर गाड्यांची सवय असलेला मिस्त्री हटकून उलटीकडे जोर लावतो. इंजिन सहज फिरलं तर प्लग न लावताच सेल्फ देऊन ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबा. त्याच वेळी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. चारही सिलिंडरमधला फरक २ बारच्या आत असेल तर इंजिन उघडायचा विषयच काढू नका, मिस्त्री कितीही म्हणाला तरी. टायमिंग बेल्ट मात्र न विचारता बदला. आधीच्या मालकाच्या तोंडी हवाल्यावर राहू नका. बेल्ट तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आपटतात आणि मग खरोखर हेड उतरवावं लागतं. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालतो, त्यामुळे टेन्शनर आणि पंप एकाच मजुरीत होऊन जातात.

मग कूलिंग. नागपुरात या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालेलं असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, वर्धा रोडच्या सिग्नलवर एसी लावून गाडी उभी राहिली की काटा चढायला लागतो. मग गॅरेजमध्ये ठरलेला सल्ला मिळतो: “भाऊ, थर्मोस्टॅट काढून टाकू, गरमच नाही होणार गाडी.” थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व. अशा कित्येक गाड्यांचा तो त्या दिवसापासून गायब आहे. तो काढला की डिसेंबरच्या सकाळी इंजिन तापतच नाही, ईसीयू (इंजिनाचा संगणक) थंड इंजिन समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि प्लग काळे होतात. मूळ रोग तसाच राहतो. तो रोग बहुधा बोअरच्या पाण्याचा असतो. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी तेच ओतलेलं असतं, त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. रेडिएटर साफ करून घ्या, गळका असेल तर नवा टाका. थर्मोस्टॅट परत बसवा, सगळे होज बदला, कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा. आणि रेडिएटरची कॅप बदला. ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू आहे. कॅप १.१ बार दाब धरत असेल तर नुसतं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप सैल असेल तर १०० लाच उकळी फुटते. कूलंट भरताना हवा नीट काढा आणि पंखा आपोआप चालू-बंद होईपर्यंत तिथून हलू नका.

पेट्रोलचे पाइप बदलणं आता टाळता येणार नाही. पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं, आणि १९९९ च्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, मग चिरा जातात. गाडी उभी राहिली तर इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि टाकीचा तळ गंजतो. टाकीपासून इंजिनापर्यंतचा प्रत्येक रबरी पाइप इथेनॉल चालणारा आणि इंजेक्शनचा दाब सोसणारा हवा. कार्ब्युरेटरच्या गाडीचा पाइप दिसायला तसाच असतो, पण इथे दाब ३ बारच्या आसपास असतो आणि फुटला तर पेट्रोल थेट गरम इंजिनावर उडतं. इथे पैसे वाचवू नका. फिल्टर त्याच दिवशी बदला आणि गाडी दोन-तीन टाक्या चालल्यावर पुन्हा एकदा बदला, कारण सुटलेला गंज तिथे येऊन बसतो.

एक बिघाड मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण त्यापायी लोकांनी चांगले फ्युएल पंप बदललेले मी पाहिले आहेत. गाडी सकाळी एका झटक्यात सुरू होते. दुपारी उन्हात तासभर उभी केली की सेल्फ फिरतो, इंजिन काही पकडत नाही. संध्याकाळी पुन्हा शहाण्यासारखी सुरू. हे दिसलं तर चावी ऑन करून सेल्फ न देता कान द्या. मागून दोन सेकंद पंपाची बारीक गुणगुण यायला हवी. ती आली नाही तर डॅशबोर्डखालचा मेन रिले (पंपाला वीज देणारा स्विच) काढा आणि झाकण उघडा. आतल्या छोट्या बोर्डावर जाड पायांभोवतीचे सोल्डरचे टाके भिंगातून बघा. एखाद्या टाक्याभोवती केसाएवढी गोल चीर दिसेल. डॅशबोर्ड तापला की ती चीर उघडते आणि पंपाचा करंट तुटतो, गार झाला की पुन्हा जुळते. जुनं सोल्डर शोषून काढून नवं भरलं की काम झालं. टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारा कोणीही हे काम अर्ध्या तासात करून देतो. सीताबर्डीत असे कारागीर अजून आहेत. रिले फेकू नका, बाजारातल्या नकली रिलेपेक्षा मूळचाच दुरुस्त केलेला बरा. रिले ठीक असेल तर मग प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे जा, त्यातला इग्नायटरही उन्हात असाच दगा देतो.

ब्रेक आणि टायर यांत वाद नको. ब्रेक फ्लुइड, मागच्या चाकांचे सिलिंडर, पुढचे रबरी होज सगळं नवं. टायरची नक्षी भरपूर शिल्लक असली तरी कडेवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २०१५-१६ चे टायर निघाले तर ते फक्त गाडी गॅरेजपर्यंत न्यायला वापरा. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा आहे आणि शिवमडक्याहून चढलं की मोह होतोच, पण मे महिन्याच्या तापलेल्या काँक्रीटवर जुना टायर फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही. गाडी तयार झाल्यावर पहिले काही आठवडे रिंग रोड आणि काटोल रोडवरच फिरवा.

सस्पेन्शनचे बुश, बॉलजॉइंट, इंजिनाची माउंटिंग हे काम नंतर, पण एकदमच करा. तुकड्या-तुकड्याने केलं की अलाइनमेंटचे पैसे दरवेळी जातात. इथे न मिळणाऱ्या सामानासाठी दिल्लीचं कश्मीरी गेट किंवा मुंबईचं कुर्ला गाठावं लागतं. जाताना जुना पार्ट बरोबर ठेवा. फोटोवरून मागवलं तर पुढच्या पिढीच्या सिटीचा पार्ट हातात पडतो.

पत्र्यासाठी मागच्या चाकांच्या कमानी, दरवाज्यांखालची पट्टी आणि डिक्कीतली स्टेपनीची जागा एवढंच तपासा. चुंबक बरोबर न्या. चिकटला नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. गाडी आयुष्यभर नागपुरात राहिली असेल तर फार काही निघणार नाही. मुंबईहून आलेली असेल तर गालिचा उचलून बघा. रंगाचा बेत वर्षभर पुढे ढकला. जुना रंग पॉलिशने बराच उठतो, आणि मूळ रंगाची गाडी तुमच्यासारखाच जाणकार माणूस जास्त किमतीला घेतो. मोठा सायलेन्सर किंवा दुसरं इंजिन बसवायचा विचार सोडा. कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि या वयाच्या गाडीला २०२९ मध्ये पुन्हा आरटीओसमोर उभं राहायचं आहे.

किमतीचं सांगायचं तर २०२४ चं रिपासिंग झालेलं, सजावट पूर्ण आणि चुंबक सगळीकडे चिकटत असेल तर ५५ हजारांत घासाघीस करू नका, घेऊन टाका. रिपासिंग राहिलं असेल तर ३० हजारांच्या वर जाऊ नका. आरसीच हरवली आहे, ‘डुप्लिकेट काढून देतो’ असं मालक म्हणाला तर आधी ती काढू द्या, मगच बयाणा द्या. लाखातले निम्मे पैसे बेल्ट, कूलिंग, पेट्रोलचे पाइप, ब्रेक आणि टायर यांत जातील असं धरा. उरलेल्यातले पंधरा-वीस हजार हात न लावता ठेवा, कारण दोन वर्षं उभी राहिलेली गाडी पहिल्या उन्हाळ्यात काहीतरी मागतेच. गाडी बघून आलात की आरसीवरची वैधतेची तारीख आणि कॉम्प्रेशनचे चार आकडे इथे लिहा, पुढचं त्यावरून ठरवू.