एआय आणि समाज या विषयात परदेशात संशोधन करून करिअर होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉम्प्युटरमध्ये बीई झालंय, दोन वर्षं आयटीत काढलीत, एआयचा माणसांवर काय परिणाम होतो यावर बाहेर जाऊन संशोधन करायचंय. असं करिअर खरंच असतं, की शेवटी कोडच लिहावा लागतो?

असतं. आणि कोडही लिहावा लागतो. मी नेदरलँड्समध्ये पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधक) आहे, हेच काम करते, आणि माझा निम्मा दिवस अजूनही डेटा साफ करण्यात जातो.

मी मूळची सोलापूरची. पुण्यात बीई केलं, मग हिंजवडीत चार वर्षं टेस्टिंग. मास्टर्सच्या अर्जासाठी एसओपी (मला हे का शिकायचंय, हे सांगणारा निबंध) लिहिलं तेव्हा त्यात सगळं होतं: डीप लर्निंगची आवड, ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं, 'लहानपणापासून गणितात रस'. एका सिनियरने वाचून विचारलं, "यात तू कुठेयस?" मग आजीबद्दल लिहिलं. लिहिताना लाजच वाटत होती, हे काय अर्जात लिहायचं म्हणून.

आजीने आयुष्यभर विड्या वळल्या. तेंदूपत्ता आणि तंबाखू हाताळून बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या. रेशन दुकानात बोटांचे ठसे तपासणारं ई-पॉस मशीन आलं आणि तिचा अंगठा लागेना. दुकानदार ओळखीचा, कार्डावर नाव, समोर आजी स्वतः उभी, तरी मशीनचं म्हणणं, ही ती नव्हे. त्याच महिन्यात मी ऑफिसात दुसऱ्याच एका प्रणालीच्या रिपोर्टमध्ये 'फॉल्स रिजेक्ट'ची, म्हणजे खऱ्या माणसालाच नाकारल्याची, टक्केवारी भरत होते. त्या टक्केवारीत कुणाची तरी आजी असते हे तोवर डोक्यात आलंच नव्हतं. मुलाखतीत मला फक्त या परिच्छेदाबद्दल विचारलं. प्रमाणपत्रांकडे कुणी बघितलंही नाही.

इकडे आल्यावर वाटलं होतं, हा आपल्याकडचा प्रश्न, इथे कशाला असेल. तर इथल्या कर खात्याने बालसंगोपन भत्ता घेणाऱ्या हजारो पालकांवर चुकीने फसवणुकीचा ठपका ठेवला होता, काहींकडून लाखो रुपयांच्या घरात जाईल इतकी वसुली लावली होती. जोखीम ठरवणाऱ्या मॉडेलमध्ये माणूस डच नागरिक आहे की नाही, हाही एक निकष होता. जानेवारी २०२१ मध्ये यावरून अख्खं सरकार पायउतार झालं. रॉटरडॅम शहराचं प्रकरण तर मला जास्तच लागलं. निर्वाह भत्ता घेणाऱ्यांपैकी कुणाची चौकशी करायची हे सुचवणारं मॉडेल तिथे २०२१ पर्यंत वापरात होतं. माणसाबद्दलच्या ३०० हून अधिक बाबी त्यात जायच्या, आणि त्यातली एक म्हणजे त्याला डच कितपत येतं. हे वाचलं त्या आठवड्यात माझा डच परीक्षेतला ऐकण्याचा पेपर उडाला होता.

या क्षेत्रात सरळ रस्ता जवळजवळ कुणाचाच नसतो. एआयच्या सामाजिक परिणामांवरची नावाजलेली संशोधक टिमनिट गेब्रू इथिओपियात, अदिस अबाबात जन्मली, इथिओपिया-इरिट्रिया युद्धामुळे पंधराव्या वर्षी देश सोडला, अमेरिकेत आश्रय मिळाला. शिकली इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, अ‍ॅपलमध्ये ऑडिओवर काम केलं, पीएचडी कॉम्प्युटर व्हिजनमध्ये. जॉय बुओलामविनीबरोबरचा तिचा २०१८ चा पेपर वाचाच: चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या, कंपन्या विकत असलेल्या प्रणाली गोऱ्या पुरुषांबाबत जास्तीत जास्त ०.८ टक्के चुकत होत्या आणि सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. पुढे २०२० मध्ये मोठ्या भाषा-मॉडेलांवरच्या एका पेपरवरून वाद झाला आणि ती गूगलमधून बाहेर पडली (ती म्हणते काढलं, कंपनी म्हणते राजीनामा). वर्षभरात तिने स्वतःची संशोधन संस्था काढली.

तिच्यासारखं व्हायचं, असं सगळेच म्हणतात. पण व्हिसाचं गणित आधी समजून घ्या. अमेरिकेत एच-वन-बीवर असताना नोकरी गेली तर साधारण ६० दिवस मिळतात. इथे कुशल स्थलांतरिताच्या परवान्यावर जास्तीत जास्त तीन महिने. ज्या कंपनीवर टीका करायची तिच्याच कागदावर तुमचं राहणं अवलंबून असेल, तर पेपरमधली वाक्यं आपोआप मवाळ होतात. कुणी दटावावं लागत नाही. माझ्या एका पेपरचा निष्कर्ष मी असाच तीनदा बोथट केला, आणि आज वाचताना तो कुणी वेगळ्याच माणसाने लिहिल्यासारखा वाटतो. म्हणून माझं मत: पहिली काही वर्षं विद्यापीठात काढा, पगार कमी असला तरी.

इथे पीएचडी ही नोकरीच असते. पगार, रजा, पेन्शन, साधारण चार वर्षं. जागेची जाहिरात निघते, तिला अर्ज करायचा. पण आधी मास्टर्स लागतं आणि युरोपबाहेरच्यांना त्याची फी जबर आहे. मी कर्ज काढलं होतं, अजून दोन वर्षांचे हप्ते बाकी आहेत. अमेरिकेत बीईनंतर थेट पीएचडीला घेतात, तो पर्याय मला उशिरा कळला.

वाचायला 'फॅक्ट' (FAccT) या, अल्गोरिदमच्या न्याय्यतेवरच्या परिषदेचे पेपर घ्या. सुरुवात नित्या सांबशिवन आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या भारतावरच्या पेपरपासून करा. पाश्चात्त्य देशांत घडलेल्या न्याय्यतेच्या कसोट्या आपल्याकडे जशाच्या तशा का लागू होत नाहीत, जात कुठे येते, डेटात कोण मुळातच नसतं, हे त्यात आहे. इथले कित्येक प्राध्यापक हे पुस्तकातून शिकतात. तुम्ही ते रांगेत उभं राहून बघितलेलं आहे, ते झाकू नका.

आणि संशोधनाचा प्रस्ताव लिहून झाला की घरी मराठीत वाचून दाखवा. मी फोनवर आईला दाखवला होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण त्या महिन्याचं धान्य तर मिळालं होतं की. काकूचा अंगठा लावला ना."

म्हणजे मशीनच्या नोंदीत आमच्या कार्डावरचा तो व्यवहार यशस्वी होता. आजी परत पाठवली गेली, हे कुठेच नव्हतं. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिथून सुरू झालं.